रोज सकाळचं ग्रेपफ्रूट

वासणे गावच्या शलाकाला दोन मुली होत्या. तिसरं मूल नको म्हणून ती गर्भनिरोधक गोळ्या पापडाच्या डब्यात दडवून ठेवी. सासूबाई गंगाबाई नातवाच्या आशेनं तिला रोज सकाळी ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसासारखं आंबट फळ, सोलून देत; ते खाल्लं की मुलगा होतो असं त्यांनी ऐकलं होतं.

एके दिवशी शलाकाचा पाय सुजला. तपासणीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी गोळ्यांचं आणि खाण्याचं विचारलं. शेजारी सासूबाई असूनही शलाकानं खरं सांगितलं.

"या फळानं गोळीतलं हार्मोन रक्तात वाढू शकतं. गुठळी त्यानंच झाली असं म्हणता येणार नाही, पण या गोळ्या आता कायमच्या बंद," डॉक्टर म्हणाले.

"चला, देवच पावला!" गंगाबाई म्हणाल्या.

रिक्षात त्या खुशीत होत्या. शलाका सुजलेला पाय धरून बसली होती. तिसरं मूल गुपचूप टाळायला तिला माहीत असलेलं काहीच आता हाती उरलं नव्हतं.