आत्याचं उघडं कुलूप

सुधाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरपेठच्या बाजारात कुलूप विकत घेत होते. दुकानदार म्हणत होता, "अम्मा, किल्ल्या दोन आहेत, बघून घ्या." ते कुलूप आत्यालाच द्यायचं होतं. दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची पानं आणि एक उघडं कुलूप, हा आमच्या घरचा नेम. मी ते घेतलं आणि रिक्षात बसून नल्लकुंट्यापर्यंत रडत गेले.

आत्यानं जन्मभर नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर पब्लिक की क्रिप्टोग्राफीचं खूळ डोक्यात घेतलं. त्याला निमित्त माझे यजमान. ऑफिसातून येताना ते तिच्याकडून दिवाळीचा फराळ आणायचे आणि घरी पोचेपर्यंत अर्ध्या चकल्या गायब! आत्या म्हणाली, "तुझं उघडं कुलूप मला दे, किल्ली तुझ्याकडेच ठेव. मी डब्याला ते लावून टाकीन. एकदा खटका बसला की मलासुद्धा उघडता यायचं नाही." आणि मी शहाणीनं काय करावं? कुलपालाच किल्ली दोऱ्यानं बांधून यजमानांच्या हाती पाठवली! त्या दिवाळीला डबा आला तो रिकामा. आत चिठ्ठी: "किल्ली वाटेवर निघाली की गुपित संपलं. चकल्या पुढच्या वर्षी." अस्सा राग आला होता मला! पण तो धडा जन्मात विसरले नाही. फोनवरचे आपले निरोप, बँकेचे व्यवहार, सगळं याच युक्तीवर चालतं, असं आत्या म्हणायची. तिथलं कुलूप आकड्यांचं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो, पण त्यावरून त्या संख्या शोधायला बसलं तर जन्म पुरत नाही. गुणाकार हे उघडं कुलूप, त्या संख्या ही किल्ली.

तिचं स्वतःचं उघडं कुलूपही आम्हा सगळ्यांकडे होतं. एकाच किल्लीची सहा कुलपं तिनं मुद्दाम करवून घेतली होती. ती किल्ली कुठे असते, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या मराठी वाचनालयाची ती चिटणीस. साध्या बैठकीचं पत्रसुद्धा डिजिटल सही करून पाठवायची आणि आम्ही हसायचो. मग एक दिवस जागेचे मालक खानसाहेब दारात उभे. आत्याच्या नावानं त्यांना ईमेल आलं होतं, वाचनालय बंद करतोय, खोली ताब्यात घ्या! जागा हवी असलेल्या कुणाचा तरी उद्योग. चाळीस वर्षांची पुस्तकं रस्त्यावर येणार!

"चिट्ठी पे नाम तो आपकाइच है नं, टीचरम्मा?"

"नाम तो कोई बी लिख लेते, खानसाब. सही देखो." मग मला म्हणाली, "कुलूप कुणीही लावावं, उघडावं एकानंच. सहीचं उलटं. करणार मी एकटी, तपासणार सगळं गाव."

आत्याची सही तपासायची जाहीर चावी, पत्रं जाणाऱ्या सगळ्यांकडे असायची तशी, खानसाहेबांच्या नातीकडे होतीच. तिनं जुनी पत्रं लॅपटॉपवर एकेक करून तपासली. सगळी खरी निघाली. नव्या पत्रावर सहीच नव्हती. "पुरानी सही इसपे चिपका दिए तो?" खानसाहेबांनी विचारलं. "चिपकाके देखो," आत्या म्हणाली. त्यांनी चिकटवली, सही खोटी ठरली. मग एका खऱ्या पत्रातला एकच स्वल्पविराम खोडला, तीही खोटी! म्हातारा टाळ्या पिटत हसला, "हौला समझे थे क्या टीचरम्मा को!" आत्याला खुळी समजणाराच खुळा ठरला होता. वाचनालय आजही तिथंच आहे, आणि आत्यानं त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना इराणी चहा पाजला.

तिच्या घरची आवराआवर झाली, कपाटं झाली, डबे झाले, किल्ली काही सापडली नाही. यजमान म्हणाले, "शेवटपर्यंत सांगितलं नाहीच म्हातारीनं!" आणि आम्ही रडता रडता हसलो. बरं केलंस हो आत्या...

परवा दिवाळीच्या चकल्या तळल्या. पहिल्या घाण्यातल्या सात डब्यात भरल्या आणि खिळ्यावरचं तिचं उघडं कुलूप काढलं. यजमान बघतच होते. मी खटका दाबला. आता त्या फक्त आत्याच्या.