सहा वाजता निघणारी तार

ताइस्तो पीराइनेननं सारा जन्म दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला. नुर्मेस गावाच्या आसपास एक गोठा असा नव्हता, जिथं तो शेणात गुडघे टेकून, रबरी नळी कानाला लावून बसला नसेल. मग डेअरीनं त्याला घरी बसवलं. पाठोपाठ गोठेही एकेक करून मिटले. बायको त्याआधीच गेलेली. माणूस नुसता बसला की शिळ्या भाकरीसारखी बुरशी धरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं आपल्या सारिवारा गावच्या शाळेनं टाकून दिलेले लॅपटॉप घरी आणले, पुसून काढले, त्यांत लिनक्स ही फुकटातली प्रणाली घातली आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटून टाकले. कुणी मजुरी विचारली तर म्हणायचा, "कॉफी ठेव." कॉफी पातळ निघाली तर मात्र तोंडावर सांगायचा.

जुन्या धंद्यातला एक नेम तो आयुष्यभर पाळत आला होता. गाय बघायची तर तिच्याच गोठ्यात आणि धारेच्याच वेळी. डेअरीतली नवी पोरं यंत्र उचलून वर्कशॉपात न्यायची, तिथं ते गुमान चालायचं, पोरं डोकं खाजवायची. ताइस्तो त्यांना हसायचा. "लाथ मारणारी गाय बाजारात कधी लाथ मारती व्हय रं? तिला तिचीच बादली लागती."

आणि त्या हिवाळ्यात हा नेम नेमका तोच विसरला.

तळं गोठलं की पलीकडच्या काठावरची इर्या ढकलगाडीवरून यायची. एक पाय पट्टीवर, दुसऱ्यानं बर्फावर रेटा. अठ्ठ्याहत्तरीतली बाई, पण पोरीसारखी सरकत यायची. त्या दिवशी गाडीच्या बैठकीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ताइस्तो, तुझ्या या डब्यानं माझा जीव खाल्ला बघ," दारातूनच ती म्हणाली. "बोलता बोलता मी मरते, आणि माझं मलाच कळत न्हाई."

"मेल्यासारखी तर दिसत न्हाईस."

"हितं न्हाई दिसत. तिकडं दिसते! तोंड वासलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आउने वरडत सुटती, इर्या मेली, इर्या मेली म्हणून. आणि तुझा हा डबा हितं मला डोळा मारत बसतो."

ताइस्तो हसणार होता, पण तिच्या ओठाचा कोपरा हलताना त्याला दिसला. त्यानं गुमान कॉफी ठेवली.

आउने म्हणजे इर्याची थोरली बहीण. पोरसवदा असताना स्वीडनला गेली, कापडाच्या गिरणीत लागली, तिथंच लग्न, तिथंच पोरंबाळं. साठेक वर्षं स्वीडिश बोलली. आता वृद्धाश्रमात होती. आठवण विरत चालली तशी वरवर शिकलेली भाषा आधी गळून गेली. खाली राहिली ती सारिवाराची, आईची बोली. तिथं ती कुणाला येत नव्हती. तोंडात घास घालणारी परिचारिका काय बोलते तेही आउनेला कळेना. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी पडद्यावर इर्या यायची, तेवढाच तास तिला माणसाचं बोलणं कळायचं. आणि त्याच तासात इर्याचं तोंड गोठायचं. मग आउने दोन दोन दिवस जेवायची नाही.

"परिचारिकेचा फोन आला हुता, दुभाष्या घेऊन," इर्या कपात बघत म्हणाली. "म्हणली, अजून थोडं बघू. पण असंच चाललं तर बंद केलेलं बरं. तिला सोसत न्हाई." मग कप खाली ठेवत म्हणाली, "बंद झालं तर ती बोलंल कुणाशी?"

ताइस्तोनं शाल सोडून लॅपटॉपचं झाकण उघडलं. "डोळा कुठनं मारतो, दाखव."

तिनं कीबोर्डावरच्या कॅप्स लॉकच्या बारक्या दिव्यावर बोट ठेवलं. हा दिवा आपोआप लुकलुकायला लागला की त्याचा अर्थ एकच. "कर्नल पडला," ताइस्तो म्हणाला. "यंत्राचा गाभा."

"म्हणजे काय झालं?"

"कर्नल म्हणजे घराचं आढं म्हण. रोज कोण बघतं त्याच्याकडं? पण ते खाली आलं की चूल बंद, दार बंद, सगळंच जागच्या जागी बसतं."

"मग माझं आढं का पडतंय?"

"बघतो."

बघायला तो लॅपटॉप त्यानं घरी ठेवून घेतला. नेम मोडला तो इथं. आधी धूळ काढली. मेमरीची पट्टी बदलली. नंतर नव्या आवृत्तीचा कर्नल घातला. यंत्र आपल्या नोंदी ठेवतं ती रोजनिशीही वाचून बघितली, पण ती दर वेळी बोलता बोलता तुटलेली. पडणाऱ्याला शेवटचं वाक्य लिहून ठेवायची सवड कुठली? टेबलावर यंत्र रात्रंदिवस चालायचं, गरीब गाईगत. रविवारी तो ते पलीकडं पोचवायचा, आणि सोमवारी इर्याची ढकलगाडी परत बर्फावर दिसायची. तीन रविवार असेच गेले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय.

तिसऱ्या सोमवारी ती आत आलीच नाही. गाडीवर उभ्यानंच लॅपटॉप हातात देत म्हणाली, "परिचारिका म्हणाली, या रविवारी शेवटचं बघू."

शेवटी जुना नेम आठवून त्या गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप बगलेत मारून ताइस्तोच तळं ओलांडून गेला. गुरुवार म्हणजे घरोघरी वाटाण्याचं सूप. इर्यानं त्यात खारं डुकराचं मांस हात राखून घातलेलं, पण वाटाणा मऊ शिजवलेला. त्यानं लॅपटॉप तिच्या रोजच्या जागी ठेवला, तार भिंतीत लावली आणि त्याच्यावरून स्वतःच्या फोनला व्हिडिओ कॉल जोडला. फोन बरणीला टेकवून ठेवला. त्याच्या पडद्यावर इर्या सूप पिताना दिसत होती.

"मी अशी फुर्रफुर्र करते?"

"साठ वर्षं करतीयास."

"मग आत्ता सांगतोस व्हय?"

भिंतीवरच्या घड्याळानं सहाचे ठोके दिले. इर्या बोलता बोलता उठली. देवापुढचा दिवा सारखा करायला उठावं तशी, ध्यानीमनी काही नसताना. तिनं रेडिओची तार काढली. कॉफीच्या यंत्राची काढली. खिडकीतल्या दिव्याची काढली. आणि येता येता लॅपटॉपचीही काढली.

"तर काय सांगत हुते," म्हणत ती खाली बसली.

फोनच्या पडद्यावरची इर्या मात्र बसली नाही. ती अर्धी वाकलेली, तोंड उघडं, तशीच राहिली. कीबोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागला.

ताइस्तोनं चमचा खाली ठेवला. "ह्या तारा रोज काढतीस?"

"मग? सहाला वीज महाग हुती. तासातासाचा भाव फोनवर येतो की. तू न्हाई काढत?"

काढत होता. तोही वाफेची न्हाणी, सौना, पहाटे तापवायचा, स्वस्त तासाला. सारं सारिवारा तेच करायचं. पण त्याच्या टेबलावर कामाला घेतलेल्या यंत्राची तार कधीच निघत नव्हती, म्हणून तिथं ते यंत्र कधीच पडलं नव्हतं. त्याला हसू आलं. स्वतःच्या मूर्खपणाचं.

"हसायला काय झालं?"

त्यानं सांगितलं. तार निघाली की यंत्र बॅटरीवर येतं आणि काटकसर सुरू करतं. वायफायच्या पट्टीला म्हणतं, काम नसेल तेवढा वेळ डुलकी घे. या लॅपटॉपातली पट्टी नाठाळ. डुलकीतून उठताना धडपडते आणि कर्नलला घेऊन कोसळते.

इर्यानं हातातल्या तारेकडं बघितलं. ती अजून तिच्या मुठीतच होती.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "दर रविवारी मीच मारली मला तिच्यापुढं. पैशापायी."

"उगं बस."

"आईनं लावलेली सवय. घरात वीज आली तवा ती दिव्याखाली उभी राहायची, काम झालं की मालवायला. आणि मी तिच्या पोरीला…"

"इर्या, नीट ऐक. तार काढली म्हणून जे यंत्र मरतं, खोट त्या यंत्रात असती. गाय लाथ मारती म्हणून धार काढणारीनं हात तोडायचे व्हय? आणि मी तीन आठवडे गाय माझ्याच दारात बांधून बसलो, त्याचं काय करायचं? अजून सूप वाढ."

तिनं वाढलं. दुःखात ताट लोटणाऱ्यातली ती नव्हती, आणि तोही नव्हता.

इलाज म्हणशील तर एका ओळीचा. बॅटरीवर असतानाही वायफायच्या पट्टीला झोपवू नकोस, एवढंच त्यानं यंत्राला बजावून ठेवलं. बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू दे. मग तो पडद्यासमोर बसला आणि इर्याला भिंतीपाशी उभं केलं.

"काढ."

तिनं काढली.

"घाल. काढ. परत घाल."

"कवायत करून घेतोयस व्हय रं म्हातारीकडनं?"

"काढ!"

शेवटी तिला हसू फुटलं, आणि दिवा काही लुकलुकला नाही.

रविवारी तोही आला. इर्या नको म्हणाली असती तरी आला असता. आउने पडद्यावर दिसली, शालीत बुडालेली, पाखरासारखी बारीक. पाठीमागं परिचारिका उभी, हात बांधून. बहिणी बोलू लागल्या. धाकट्या भावाच्या बुटांविषयी आणि आईच्या पावात कोंडा किती असायचा त्याविषयी. आउने मधेच हरवायची, इर्या तिला हाताला धरून आणल्यासारखी परत आणायची.

घड्याळानं सहाचे ठोके दिले. इर्या उठली नाही.

"काढ," ताइस्तो कॅमेऱ्याच्या आडून पुटपुटला.

तिनं मान हलवली. ओठांनीच म्हणाली, आज राहू दे महाग.

"आज न्हाई काढलीस तर दर रविवारी भीत बसशील. काढ."

इर्या उठली. रेडिओ, कॉफीचं यंत्र, खिडकीतला दिवा. स्वैपाकघर अंधारलं. शेवटी लॅपटॉपच्या तारेला हात घातला. तिनं तार ओढली, खुर्चीवर येऊन बसली आणि पडद्याकडं बघत राहिली. आउने हलत नव्हती. डोळे मोठे करून बघत होती नुसती. ताइस्तोची नजर त्या बारक्या दिव्यावर. तो विझलेलाच होता.

"इर्या," आउने म्हणाली, "अंधार कशापायी केलास गं?"

इर्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. "वीज महाग झाली."

"चिक्कू मेली. आईवर गेलीस." आउने हसली. दात नव्हते, पण हसली. पाठीमागच्या परिचारिकेला बोली कळली नाही, तरी तिनं बांधलेले हात सोडले. "आईनं दिवा मालवला की आपण काय करायचो गं?"

"गोधडीत शिरून बोलत बसायचो."

"मग बोल की. गप का बसलीस?"

इर्या बोलू लागली, हळू आवाजात, पलीकडच्या खोलीत कुणी निजलं असावं तशी. ताइस्तोनं थर्मास चाचपडत ओढला आणि अंधारातच कॉफी ओतून घेतली. निम्मी कपात पडली, निम्मी टेबलावर. पातळच होती. या खेपेला मात्र तो काही बोलला नाही.