समोरच्या खोलीतले जागतिक नागरिक

जगात कुठेही काहीही घडो, त्याची पहिली झळ दहिसरला, आमच्या चाळीत, समोरच्या खोलीतल्या काकांना लागते. रिटायर झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळतात. काकांनी माझ्याबरोबर विद्यापीठात 'जागतिकीकरण आणि जागतिक नागरिकत्व' शिकायला नाव घातलं. "एकुलती एक पोरगी कॅनडात गेली ना रे," ते म्हणाले, "ती गेली ते जग काय आहे, बापाला नको कळायला?" वर्गात पहिला बाक त्यांचा, आणि मॅडमचा प्रश्न संपायच्या आत हात वर. शिकलेलं सगळं संध्याकाळी घरी लागू व्हायचं. "सीमा माणसांनी आखल्या गं, देवाने नाही," असं ते भाजी निवडणाऱ्या काकूंना समजावत. काकू अस्सल मालवणी. "जगाची काळजी करतत," त्या मला म्हणत, "आणि घरातलो नळ कोण बदलतलो?"

आमच्या जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी येणार आणि चाळीतलं कोण गेलं, एवढंच त्यावर लिहायचं. खडू काकांच्या ताब्यात. एकदा दूर कुठल्या देशात भूकंप झाला, तर यांनी लिहिलं, 'आपली माणसं गेली. फार वाईट झालं.' खाली स्वतःची सही! झाली ना पंचाईत! तळमजल्यावरच्या सरलावहिनींना वाटलं, काकांच्याच घरचं कुणी गेलं. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, ही आमची रीत. डोळे पुसत त्या पिठलं-भाताचं पातेलं घेऊन वर आल्या. खुलासा झाला तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला. काका मात्र गंभीरपणे पाटावर बसले. "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. गेली ती आपलीच होती," म्हणाले, आणि पातेलं चाटूनपुसून साफ. पुढे कितीतरी दिवस चाळ हसत होती.

मग गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. मी तिथेच होतो. तिला तिकडचं नागरिकत्व मिळत होतं, पण इथला पासपोर्ट परत करावा लागणार होता. "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार," ती म्हणाली. काका चष्माच पुसत राहिले. याच प्रश्नावर परीक्षेत पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारा माणूस! मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी म्हणाले, "घे गं बाळा. मी दुसरं काय शिकतोय वर्गात?"

तिने शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर काकांचं अक्षर दिसलं: 'आमची मुलगी काल कॅनडाची नागरिक झाली.' बस्स, एवढंच. पुढे ना आनंद, ना खेद. येणारे-जाणारे वाचत आणि गुपचूप जिना चढत.

दुपारी सरलावहिनी वर आल्या. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात तेच पातेलं. काकूंनी दार उघडलं आणि वहिनींच्या गळ्यात पडून त्या रडल्या. काकांनी पुडा घेऊन देवापुढे ठेवला. "पेढे संध्याकाळी वाटू," ते म्हणाले, "आधी भात वाढा." सकाळपासून त्या घरात गॅस पेटलाच नव्हता.