क्रेनवाल्याची टेस्ट, साहेबांची टेस्ट

“डॉक्टर, तुम्ही फक्त रिपोर्टवर सही करा. बाकीचं आम्ही बघतो,” सबनीस साहेब म्हणाले. सबनीस आमचे प्लांट हेड. शेजारी एचआरची शलाका लॅपटॉप उघडून बसली होती. उत्तमला कामावरून काढायचं पत्र स्क्रीनवर तयार होतं.

मी सही केली नाही. घाईने सही मागितली की माझा हात आपोआप मागे जातो. नोकरीत लागलेली खोड आहे ती.

मी चाकणच्या एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात डॉक्टर आहे. आमच्याकडे गाड्यांची दारं, बॉनेट यांचे पत्रे दाबून तयार होतात. पत्र्याला आकार देणाऱ्या लोखंडी साच्याला डाय म्हणतात. एकेक डाय प्रचंड जड असते. छताखालच्या क्रेनने ती उचलायची आणि प्रेसमध्ये नेऊन बसवायची. खाली माणसं उभी असतात. उत्तम हा त्या क्रेनचा ऑपरेटर, लातूरकडचा. कितीतरी वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर नुकताच परमनंट झाला होता. बायको आणि दोन मुलींसह रहाटणीत भाड्याने राहतो. ड्रग्जच्या नावाखाली इथून काढलं, तर या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या गेटवर त्याला क्रेन मिळणार नव्हती. अशा बातम्या पत्राच्या आधी पोचतात.

आमच्याकडे अधूनमधून रँडम टेस्ट होते. कॉम्प्युटर नावं काढतो, त्या माणसांची लघवी किटवर तपासतात. सोमवारी उत्तमचं नाव निघालं आणि गांजाच्या खान्यात पॉझिटिव्ह आलं. मी दुसरं किट फोडलं. पुन्हा तेच.

मी त्याला समोर बसवलं. त्याच्या कपाळाला घाम होता.

“मॅडम, गांजा नाही वढला. लेकरांची शपथ. काल महाशिवरात्रीला बबनकाकांच्या गावात गेल्तो. थंडाई पिलो. भांग हाय म्हणून सांगितलं व्हतं काकांनी. देवाचा परसाद, नाही कसं म्हणावं?”

बबनकाका म्हणजे आमचे शिफ्ट सुपरवायझर. इथल्या जुन्या गावातले. घरची जमीन एमआयडीसीत गेली, पण गावातलं महादेवाचं देऊळ आणि त्याचा उत्सव आजही त्यांच्याच घराकडे आहे. कारखान्यातल्या बाहेरगावच्या पोरांना ते दरवर्षी आग्रहाने बोलावतात. ज्याला गावाकडे जाता येत नाही त्याचा सण इथे व्हावा, एवढीच त्यांची इच्छा.

आता थोडी शिकवणी. भांग आणि गांजा एकाच झाडाचे. फुलोरा तो गांजा, पानं ती भांग. केंद्राच्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसती पानं येत नाहीत, पण राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि आपल्याकडे भांगेलाही परवाना लागतो. हा सगळा फरक वकिलांना कळतो. किटला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे किट फक्त एवढंच सांगतं की हा पदार्थ अंगात गेला होता. माणूस आत्ता तारेत आहे की कालच उतरली, हे ते सांगत नाही.

हे मी साहेबांना सांगितलं. ते टेबलावर बोट आपटत म्हणाले, “पॉलिसी वाचा. झिरो टॉलरन्स. नो एक्सेप्शन. हेड ऑफिसचा शब्द आहे.”

“सर, हेड ऑफिसच्या देशात आता गांजा कायदेशीर आहे,” शलाका म्हणाली. “त्यांनी तिकडच्या टेस्टमधून तो काढूनसुद्धा टाकलाय. आपल्याकडेही देशभर परवानगी द्यायला हवी, म्हणजे ही कटकटच नको.”

“छान! म्हणजे उद्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर चिलीम देऊ या. तरुण पोरं वाया घालवायचीत तुम्हाला?”

“दारू चालते ना सर? तिने कमी पोरं वाया गेली?”

जुंपली दोघांची. मला मनापासून राग आला. पोरगी पत्र टाइप करून बसली होती आणि भाषण परवानगीचं करत होती. साहेबांना पोरांची काळजी होती, फक्त उत्तमच्या पोरींची नव्हती.

“दोघंही थांबा,” मी म्हटलं. “गांजाने डोकं फिरलेली कोवळी मुलं मी पाहिलीत, त्यामुळे मी त्याचा झेंडा घेऊन फिरणार नाही. आणि दारू कायदेशीर आहे, तरी पिऊन आलेल्याला मी क्रेनवर चढू देते का? मला एकच विचारायचं असतं. हा माणूस आज डाय उचलायला फिट आहे का? उत्तम आज क्रेनवर चढणार नाही. मी पूर्ण खात्री करून घेईपर्यंत चढणार नाही. पण नोकरीवरून काढायला हे किट पुरत नाही.”

तेवढ्यात दार ढकलून बबनकाका आत आले. त्यांना बोलावलं नव्हतं.

“सायेब, आमच्या द्येवाचा परसाद गुन्हा व्हय? पोराला मी पाजली. काढायचं तर मला काढा.”

“काका, नियम सगळ्यांना सारखा आहे.”

“सगळ्यांला? मंग तुमाला बी?”

साहेब हसले. उत्सवाचे प्रमुख पाहुणे तेच होते. कंपनीने देवळासमोर पेव्हर ब्लॉक बसवून दिले होते, त्याचं उद्घाटन होतं. “मी प्यायलो ती साधी थंडाई. पाहुण्यांच्या थंडाईचा जग वेगळा ठेवला होता. मी विचारून घेतलं होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टर, माझी पण टेस्ट करा. आत्ता. म्हणजे कुणी बोलायला नको.”

 बबनकाकांनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. मी काय समजायचं ते समजले.

ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या आमच्या दवाखान्यात, साहेब ऐटीत कप देऊन गेले. थोड्या वेळाने मी त्यांना एकट्याला आत बोलावलं आणि किट समोर ठेवलं. गांजाच्या खान्यात पॉझिटिव्ह.

“शक्यच नाही,” ते म्हणाले. “किट खराब आहे.”

“उत्तमसाठी हेच किट चांगलं होतं, सर.”

बबनकाका बाहेरच उभे होते. साहेबांनी त्यांना आत घेतलं आणि विचारलं, “काका, खरं सांगा. माझ्या ग्लासात काय होतं?”

“त्येचं काय हाय सायेब,” काका टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “पाव्हण्याचा जग न्यारा व्हता, त्ये खरं. पर मोठ्या पाव्हण्याला साधी कशी द्यायची? बरं दिसतं का? गावात नाव गेलं आसतं. तुमच्या जगात आमी वाईच जास्तच घातली.”

साहेब खुर्चीत टेकले. “तरीच,” ते म्हणाले. “तरीच घरी मिसेस विचारत होती, एवढं हसताय कशाला. मी म्हटलं, उद्घाटन छान झालं.”

मला हसू आवरेना, पण आवरलं. “सर, हा तुमचा रिपोर्ट आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. काकाही बोलणार नाहीत.”

काकांनी मान डोलावली. आता सगळं साहेबांच्या हातात होतं. किट कचऱ्यात टाकून पत्रावर सही करून ते मोकळे झाले असते. उत्तम बाहेर बाकावर बसला होता, हे काचेतून दिसत होतं. साहेबांनी तिकडे पाहिलं. 

मग ते उठले, ऑफिसात गेले आणि शलाकाला म्हणाले, “ते पत्र काढून टाक. मीही पॉझिटिव्ह आहे. आणि मला तर माहीतही नव्हतं.”

त्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. मोठ्या खुर्चीतली माणसं असं सहसा बोलत नाहीत.

साहेबांनी हेड ऑफिसला लिहिलं आणि पॉलिसी आता बदलली आहे. टेस्ट अजून होते, पण पॉझिटिव्ह आला की आधी लॅबची खात्री, मग माणसाचं ऐकायचं, मग मी तपासायचं आणि तोवर त्याला धोक्याचं काम नाही. पुन्हा पुन्हा सापडला तर मात्र गय नाही. शिवाय क्रेन आणि फोर्कलिफ्टवाल्यांना शिफ्टच्या सुरुवातीला मी किंवा नर्स स्वतः बघते. पहिल्याच आठवड्यात मी तिघांना परत पाठवलं. त्यातला एकही नशेत नव्हता. तिघंही डबल ओव्हरटाइम करून झोपेने पेंगत होते, आणि तो ओव्हरटाइम मात्र अगदी कायदेशीर होता.

उत्तम काही दिवस पॅकिंगला होता, मग क्रेनवर गेला. जाताना माझ्या पाया पडायला लागला, तर मी ओरडले त्याच्यावर.

साहेबांनी विचारलं होतं, “मलाही काही बंधन आहे का, डॉक्टर?”

“आहे की. मी फिट म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही.”

ते रावेतला राहतात. तो आठवडाभर ते कंपनीच्या बसने आले. बसमधल्या मंडळींनी पहिल्या दिवशी त्यांना खिडकीची सीट दिली, दुसऱ्या दिवसापासून कुणी जागा सोडली नाही.

गांजा देशभर कायदेशीर व्हावा की नाही, ते दिल्लीत बसलेल्यांनी ठरवावं. ठरवलं तरी माझं काम एका पैशाने कमी होणार नाही. कायदा काही म्हणो, क्रेनखालच्या माणसाला वर बसलेला माणूस जागा आणि शुद्धीवर हवा असतो.