मडगार्डचा पत्रा

पोलादपूर-महाड फेऱ्या मारायला वडिलांनी मुंबईहून जुनी मोटार आणली. "पत्रा सगळा कंपनीचाच आहे," असं विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं. आईला मात्र गाडीची चकाकीच खुपली. तिने आधी दार ठोकून पाहिलं, मग मडगार्ड.

"हितं तसं वाजत नाय. आत काय तरी भरलंय," ती म्हणाली.

वडील चिडले, पण गाडी महाडच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने रंग खरवडला, तर आत भरलेल्या लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, खपल्या पडल्या. पत्रा कधीच गंजून गेला होता. मिस्त्रीने नवा पत्रा ठोकून मडगार्ड घडवलं आणि गाडी पुढे कशेडी घाटातही नीट चालली.

वडिलांचा विश्वास मात्र उडाला तो उडालाच. माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेली तांब्याची घागर त्यांनी सगळ्यांदेखत वाजवून पाहिली. आईने कपाळावर हात मारला.