तात्यांच्या जलशातली आई

डांबरगोळ्यांचा वास आला, की मी थेट नव्वदच्या दशकातल्या आमच्या बावडा गावात जाऊन पडतो. जुना आंबेडकरी जलसा पुन्हा उभा करायला निघालेले म्हातारे तात्या समाजमंदिरात पात्रं निवडत होते. पोराला शाळेत घालायला गावाशी भांडणारी आई, ही मुख्य भूमिका. रिवाजाप्रमाणे ती पुरुषच करायचा. तरुणपणी तात्यांनीच ती गाजवलेली. त्यांचं तेव्हाचं हिरवं लुगडं ट्रंकेतून निघालं, त्याला हाच वास होता. ते आपल्यालाच मिळणार म्हणून मी मिशी काढूनच गेलो होतो.

मी गायलो. मग बघायला आलेल्या शांताआत्यानं तेच गाणं म्हटलं आणि ढोलकीवाला वाजवायचाच विसरला.

"बाईमाणूस स्टेजवर?" कुणीतरी म्हणालं.

"आमच्या टायमाला बाया येत न्हवत्या, म्हणून मी लुगडं नेसलो," तात्या म्हणाले. "आता ही हाय की! आन् तू रं, मिशी उगवंल परत."

तेव्हा मी आठवडाभर फुगून बसलो. आपली गाजलेली भूमिका इतक्या सहज देऊन टाकणारा माणूस पुढं मला भेटला नाही.

त्याच दिवशी आत्यानं भीत भीत विचारलं होतं, "तात्या, पोराला जवळ घेताना हात कसा धरू?"

"मला काय इचारतीस? मी तुझ्या आईचं बघून शिकलो हुतो."