बदली शिक्षकाच्या अपहरणाची फिर्याद

ज्याचा मुलगा पळवून नेला आहे, असा बाप ठाण्यात येतो आणि मुलाऐवजी आरोपीच्या जेवणाची चौकशी करतो, हे मी माझ्या नोकरीत एकदाच पाहिले. त्या प्रकरणाला आता कितीतरी वर्षे लोटली. पण ते दिवस आठवले की आजही मन अस्वस्थ होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा झाला नव्हता. अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नोकरीत नवा होतो आणि आवाज चढवणे मला तेव्हाही जमत नसे. गावात एका खासगी संस्थेची माध्यमिक शाळा होती. तिथल्या शिक्षकांनी संप पुकारला होता. पगार वेळेवर द्यावा, चौकशीशिवाय कोणाला कामावरून काढू नये आणि संस्थेने संघटनेशी बोलणी करावीत, एवढ्याच मागण्या होत्या. पहिल्या दोन मागण्यांवर अध्यक्ष कदाचित नमले असते. तिसरी मात्र त्यांना सहन होत नव्हती.

"एकेकानं यावं, माझ्याशी बोलावं. बराबर ऐकून घेईन. घोळका करून आले तर बिलकुल ऐकणार नाही," असे ते मला स्वतः म्हणाले होते.

संप मोडण्यासाठी संस्थेने बदली शिक्षक नेमायचे ठरवले. पहिली निवड झाली ती शाळेच्याच चपराशाच्या मुलाची. बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला पदवीधर, नुकताच बी.एड. झालेला. सोमवारी त्याने रुजू व्हायचे होते. रविवारी तो नाहीसा झाला.

सोमवारी सकाळी अध्यक्ष चपराशाला आपल्या गाडीत बसवून ठाण्यात घेऊन आले. संघटनेच्या चिटणीसाने माझ्या मुलाला धमकावून पळवून नेले, अशी फिर्याद चपराशाने दिली. दोघांना बरोबर जाताना पाहणारे साक्षीदारही अध्यक्षांनी सोबत आणले होते. अपहरणाचे कलम ३६५, दखलपात्र गुन्हा. मी गुन्हा नोंदवला आणि चिटणीसांना शाळेसमोरच्या मंडपातून अटक केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना अंबडच्या न्यायालयात हजर करायचे होते. तिथे कोठडी वाढली असती, तर नियमाप्रमाणे ते निलंबित समजले जाणार होते. चिटणीस निलंबित झाले की संप टिकणार नाही, हे गावात सगळे जाणून होते. त्यामुळे ठाण्याच्या फाटकाबाहेर शिक्षक जमत होते आणि माझ्याजवळ शिपाई मोजकेच होते.

चिटणीस गणित शिकवत. मी त्यांना खुर्ची दिली.

"सर, मुलगा कुठे आहे?"

"सुखरूप आहे."

"हे तुम्हाला कसे माहीत?"

"फौजदार साहेब, याच्या पुढचं विचारू नका. खोटं बोलायचं नाही, असं मी पोरांना सांगत आलोय. तुम्ही विचारत राहिलात तर मला गप्प बसावं लागेल."

"गप्प राहिलात तर उद्या कोठडी वाढेल. मग नोकरीचं काय?"

"ठाऊक आहे. तो नियम आमच्या लोकांना मीच समजावून सांगितलाय."

पुढे ते खरोखरच गप्प बसले. बाहेर आल्यावर आमचे वयस्कर जमादार हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही त्यांना प्रश्न विचारून राह्यले का ते तुमची तोंडी परीक्षा घेऊन राह्यले?"

मला हसू आले नाही. दुपारनंतर एका खबऱ्याकडून बातमी आली की, तो मुलगा वाटूरच्या फाट्यावर दिसला होता. एकटाच चहा पीत, वर्तमानपत्र वाचत बसलेला. पळवून नेलेला माणूस असा बसत नाही. जमादारांनी लगेच जीप काढायची तयारी केली. मी त्यांना थांबा म्हणालो. का थांबवले, हे मात्र मला सांगता आले नसते.

तेवढ्यात चपराशी आला. साठीकडे झुकलेला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिलेला.

"साहेब, सरांनी काही खाल्लं का? त्यांना तिखट चालत न्हाई."

"मामा, मुलाचं काही विचारत नाही तुम्ही?"

त्याने मान खाली घातली.

"तो वाटूरला आहे," मी म्हणालो.

तो भिंतीला टेकून खालीच बसला. मी दार लोटले आणि त्याला पाणी दिले. मग तो बोलू लागला.

"अध्यक्षसाहेब घरी आल्ते. म्हनले, सोमवारी पोराला पाठव, न्हाई तर तूबी येऊ नको. पोरगं म्हनलं, ज्या सरांनी शिकवलं त्यांच्या खुर्चीवर म्या बसणार न्हाई. म्या रडत सरांकडं गेल्तो. सर म्हनले, चार दिस त्याला गावाबाहेर राहू द्या. कोणी विचारलं तर मीच नेलं म्हना, म्हंजी तुमच्या चाकरीला धक्का न्हाई. रविवारी सरांनीच त्याला एसटीत बसवून दिलं. मंग अध्यक्षसाहेबांनी गाडीत घालून हितं आणलं. त्यांनी शिकवलं तसं बोललो. सरांना आत टाकतील हे न्हाई वाटलं, साहेब."

गुन्ह्याचा उलगडा झाला होता. माझी काळजी मात्र वाढली होती. फिर्याद खोटी ठरवली, तर 'बी' समरी, म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद असा अहवाल, जाणार आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल याच म्हाताऱ्यावर खटला भरला जाणार. फिर्याद चालू ठेवली, तर चिटणीस जाणार. जीप पाठवून मुलाला आणले, तर तो पोलिसांना 'मिळून आला' असे लिहावे लागणार आणि अपहरणाच्या आरोपाला उलट बळ येणार.

"मामा, मी वाटूरला कोणाला पाठवत नाही. उद्या न्यायालयात पुकारा होण्याआधी मुलगा स्वतः हजर झाला पाहिजे. मला कोणी पळवलं नाही, मी माझ्या मर्जीनं गेलो, एवढं त्यानं सांगायचं."

"का गेला म्हनून विचारलं तर?"

"सज्ञान माणूस मर्जीनं कुठं गेला, तर त्याचं कारण पोलिसांना लागत नाही."

मुलगा आला नसता तर पत्ता माहीत असूनही फौजदार गेला नाही, एवढेच वरिष्ठांना दिसले असते. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या आवारात मी रस्त्याकडे डोळे लावून उभा होतो. वाटूरकडची एसटी आली नाही. चिटणीसांच्या नावाचा पुकारा झाला. सरकारी वकील कोठडी मागण्यासाठी उभे राहिले, आणि तेव्हा मागच्या दारातून बाप-लेक आत आले. एसटी वाटेत बंद पडल्याने ते कापसाच्या ट्रकवर बसून आले होते; मुलाच्या केसांत कापूस अडकलेला होता. जबाब झाला. चिटणीसांना त्याच दिवशी सोडण्यात आले.

त्यानंतर संघटनेचे बाहेरगावचे पुढारी माझ्याकडे आले. 'बी' समरीच लिहा, संस्थेचे नाक कापले जाईल, असा त्यांचा आग्रह होता. चिटणीस त्यांना म्हणाले, "नाक संस्थेचं कापलं जाईल आणि तुरुंगात मामा जाईल. आपल्याला हे चालतं का?" मी 'सी' समरी पाठवली: गैरसमजातून दिलेली फिर्याद. न्यायालयाने ती मंजूर केली.

काही दिवसांनी समेटाची बोलणी सुरू झाली. मी बंदोबस्ताला शाळेच्या पटांगणात होतो. अध्यक्षांनी तिन्ही मागण्या मान्य केल्या. अट एकच घातली, चपराशाला कामावरून काढायचे. चिटणीसांनी बाहेर येऊन ती अट शिक्षकांना जशीच्या तशी सांगितली.

एकजण चिडून म्हणाला, "चपराशी आपल्या संघटनेत आहे का? आमच्या घरी चूल थंड आहे, सर."

"संघटनेत नाही. तुमचं म्हणणं खोटं नाही," चिटणीस म्हणाले. "ही अट ज्यांना नामंजूर असेल त्यांनी हात वर करा. कमी पडले तर मी सही करतो."

फाटकाशी चपराशी उभा होता. त्याने पाठ फिरवली होती. मग एका बाजूने एक हात वर गेला, नंतर आणखी दोन, मग एकेक करत बहुतेक सगळे. चुलीबद्दल बोललेल्या शिक्षकाचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला. संप पुढे चालू राहिला आणि ती अट सोडून देण्यापलीकडे अध्यक्षांना मार्ग उरला नाही. चपराशी निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत होता.

जमाव दिसला की आधी लाठ्या मोजायच्या, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते, आणि पुढेही अनेकदा मला त्या मोजाव्या लागल्या. पण माणसे घाबरलेली असतात, घरी अडचण असते, सही करून मोकळे व्हावेसे त्यांना मनापासून वाटत असते, आणि तरीही ती एकमेकांकडे पाहून हात वर करतात, हे मी त्या पटांगणात पाहिले. एकेकाने यावे, असे अध्यक्ष का म्हणत होते, ते मला त्या दिवशी नीट कळले.